बिनखुणेचं मत

भट्टी उघडली की मडक्यांच्या आधी भांडणं बाहेर पडायची. त्या सकाळीही तसंच झालं.

आत्या राख बाजूला सारून एकेक मडकं वर काढत होती. मडकं हातात आलं की गळ्यावरून अंगठा फिरवायचा, तिथली नखाची खूण चाचपायची आणि मडक्याकडे न बघताच हाक द्यायची.

"दोन चंद्रकोरी, पाठीला पाठ. घागरवाली, घे तुझं. तीन कोरी ओळीत. लांबूकाका, उठा, झोपू नका."

वाडीत कुंभारांची सात घरं आणि भट्टी एकच. कोणतं मडकं कोणाचं, हे भाजून बाहेर आल्यावर कळायचं कसं? म्हणून माती ओली असतानाच प्रत्येकानं अंगठ्याच्या नखानं गळ्यावर आपल्या घराची खूण दाबायची. कोणाची एक चंद्रकोर, कोणाच्या दोन, कोणाच्या तीन. आणि खूण करायला विसरलेलं मडकं भट्टी राखणाऱ्याचं, हा वाडीचा कायदा. भट्टी राखायची आत्या. त्यामुळे या कायद्यावर तिचा फार जीव होता.

तर चौदावं मडकं तिनं उचललं, अंगठा एकदा फिरवला, दोनदा फिरवला, आणि मडकं गुपचूप आपल्या बाजूला ठेवलं.

"थांबा आत्या," घागरवाली म्हणाली. तिची नजर घारीची होती. "ते माझं आहे. असा निमुळता गळा या वाडीत दुसऱ्या कोणाच्या हातून निघतो का?"

"निमुळता कसला," लांबूकाका डोळे चोळत उठले. "मान मुरगळलेल्या कोंबडीसारखा दिसतोय. माझंच असणार ते."

"खूण दाखवा," आत्या म्हणाली.

"खूण राहिली असेल एखाद्या वेळी."

"मग भट्टीचं."

"आत्या, तुमच्या घरातलं एकही मडकं तुम्ही स्वतः घडवलेलं नाही," घागरवाली म्हणाली. "सगळी आमच्या विसरभोळेपणाची आहेत."

"मग विसरू नका," आत्या म्हणाली आणि पंधरावं मडकं उचललं. पण त्याला मधोमध तडा गेलेला होता. सोळाव्यालाही. तिनं दोन्ही मडकी खाली ठेवली.

भट्टी अर्धीच भरलेली होती, हे त्यामागचं खरं दुखणं. अर्ध्या भट्टीत जाळ सैरावैरा फिरतो, कुठे मडकं कच्चं राहतं, कुठे तडकतं. सातातल्या तीन घरांनी चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि बायामाणसं वीटभट्टीवर मजुरीला जाऊ लागली होती. कारण माती ओढ्यापलीकडच्या खाणीतली, आणि ओढ्यावरचा पूल पडून अकरा वर्षं झाली होती. आता मातीची गाडी आणायची म्हणजे सगळ्या गावाला वळसा. आणखी एखादं घर गळालं की भट्टी कायमची विझणार, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली तेव्हा तिच्या वडिलांनी तिच्या हातात दुसरं काही दिलं नव्हतं, ही भट्टीच दिली होती. ती विझली तर आपण या जगात नेमकं कोण, असा प्रश्न तिला पडायचा आणि मग ती सगळ्यांसाठी चहा टाकायची.

चहाबद्दल पुढे बोलावं लागणारच आहे.

आधी पुलाचं सांगतो. पूल कोणाचा, हा मोठा अभ्यासाचा विषय होता. गावकमिटी म्हणायची, पुलाखालून पाणी जातं, म्हणजे तो पाणीकमिटीचा. पाणीकमिटी म्हणायची, खालून पाणी जातं हे मान्य, पण वरून गाड्या जातात, म्हणजे रस्तेमंडळाचा. रस्तेमंडळ म्हणायचं, गाड्या जात होत्या तेव्हा आमचा होता. आता पूलच नाही तर रस्ता कसला? गावाच्या हद्दीत जे दगड पडलेत ते गावकमिटीचे. वाडीचा अर्ज अकरा वर्षं या तीन दारांतून असा गोल फिरत होता. त्याच्यावर इतके शिक्के बसले होते की मूळ मजकूर वाचायला जागा उरली नव्हती.

आत्यानं मात्र आशा सोडली नव्हती. दर चार वर्षांनी तिन्हींची निवडणूक एकाच दिवशी व्हायची. पांढरा कागद गावकमिटीचा, पिवळा पाणीकमिटीचा, निळा रस्तेमंडळाचा. आत्या वाडीतल्या एकतीस मतदारांना सकाळी सकाळी रांगेत उभं करून स्वतः केंद्रावर न्यायची. तीनच्या तीन कागदांवर शिक्का, आणि शिक्क्याशेजारी नखानं आपल्या घराची खूण. ही तिचीच शिकवण. बिनखुणेचं मडकं जसं भट्टीवाल्याचं, तसं बिनखुणेचं मत खुर्चीवाल्याचं, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. आपलं मत आपल्या नावावर लागायला नको का?

गावकमिटीचे अध्यक्ष दर निवडणुकीच्या आधी वाडीत यायचे, ओट्यावर बसायचे आणि आत्याचा अंगठा हातात घेऊन म्हणायचे, "आत्या, खूण मात्र विसरायची नाही. तुमच्या खुणेशिवाय मताला शोभा नाही." तेवढं बोलून जायचे ते थेट चार वर्षांनी.

त्या तडकलेल्या भट्टीनंतर आठ दिवसांनी आत्याची भाचेसून तालुक्याहून परतली. ती गावच्या शाळेत शिकवायची, म्हणून वाडी तिला मास्तरीण म्हणायची. महिन्याभरावर आलेल्या निवडणुकीत तिला मतमोजणीचं काम लागलं होतं आणि त्याच्याच शिकवणीला ती दोन दिवस गेली होती. आल्या आल्या तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही, सगळ्यांना भट्टीजवळ बोलावलं.

"तिथे साहेबांनी मागच्या वेळच्या बाद मतपत्रिका भिंतीवर टाचल्या होत्या," ती म्हणाली. "चुका दाखवायला. एका कागदावर दोन कोरी होत्या, पाठीला पाठ."

"माझं मत," घागरवाली आनंदानं म्हणाली. "तालुक्याला लावलंय भिंतीवर?"

"शेजारी तीन कोरी ओळीत. त्याच्या शेजारी एक."

"आमच्या वाडीचा मान आहे तो," लांबूकाका म्हणाले.

"मान नाही काका. ती बाद मतं आहेत. कागदावर ओळख पटेल अशी कसलीही खूण असली तर मत मोजतच नाहीत. साहेब सांगत होते, एका खोक्यात दरवेळी प्रत्येक रंगाच्या अशा एकतीस पत्रिका निघतात. ते हसत होते. म्हणाले, उंदीर इतक्या शिस्तीत कुरतडतो हे मी इथंच पाहिलं."

लांबूकाकांनी बोटांवर हिशेब मांडला, मध्येच चुकले, पुन्हा मांडला.

"म्हणजे मी आयुष्यात एकदाही मत दिलं नाही?"

"दिलंत. मोजलं नाही."

"मागच्या वेळी अध्यक्ष किती मतांनी आले?" मास्तरणीच्या नवऱ्यानं, म्हणजे आत्याच्या भाच्यानं विचारलं.

"तेवीस."

एकतीसातून तेवीस वजा करायला कोणाला बोटं लागली नाहीत. सगळ्यांच्या माना हळूहळू आत्याकडे वळल्या. आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"खोटं आहे," ती म्हणाली. "नाव ना गाव अशा मताला कोण विचारतं? उद्या मी म्हणीन, अध्यक्षांच्या विरुद्ध उभी आहे त्या नर्सबाईला मी मत दिलं. मोजणारा म्हणेल, कशावरून? काय दाखवू मी त्याला?"

"काहीच दाखवायचं नाही. कोणी दिलं हे कळू नये म्हणूनच ते तसं असतं."

"का कळू नये? मी काय चोरी करतेय?"

"कळलं की माणूस खरं बोलत नाही, आत्या."

"माझ्या वाडीतली माणसं तोंडावर खरं बोलतात," आत्या म्हणाली. "बसा सगळे, चहा टाकते."

हे ऐकलं आणि मास्तरणीच्या डोळ्यांत एक चमक आली. तिच्या नवऱ्यानं ती पाहिली आणि मान हलवून तिला नको नको म्हटलं. पण शाळेत शिकवणाऱ्या बाईला एकदा धडा सुचला की ती थांबत नसते.

आत्याचा चहा म्हणजे ओवा, मिरी, कुठल्याशा झाडाची कडू साल आणि सर्वांत शेवटी थोडी चहाची पूड. तीस वर्षांपूर्वी कोणा वैद्यानं तिला खोकल्यावर सांगितलेला काढा होता तो. खोकला गेला, काढा राहिला. वाडी तीस वर्षं तो पीत होती आणि वाहवा करत होती.

"आत्या, आपण मतदान घेऊन बघू," मास्तरीण म्हणाली. "प्रश्न साधा. आत्याचा चहा चांगला की वाईट?"

"यात विचारायचंय काय?" आत्या म्हणाली.

चाकाच्या खोलीत दोन रांजण ठेवले. उजवा चांगल्याचा, डावा वाईटाचा, दोन्हींच्या तोंडाला फडकं आणि फडक्याला भोक. प्रत्येकानं मातीची गोळी करायची, तिच्यावर घराची खूण दाबायची आणि एकेकानं आत जाऊन टाकायची. मास्तरीण मोजणार, म्हणून ती सोडून बाकीचे तीस जण मतदार. आत्यानंही आपली गोळी टाकली. रांजण बाहेर आणून रिकामे केले. उजव्यात तीस, डाव्यात शून्य.

"झालं?" आत्या म्हणाली.

"आता तसंच पुन्हा. फक्त खूण नाही. सगळ्या गोळ्या सारख्या, मी करून देते."

या खेपेला माणसं खोलीत जरा जास्त वेळ घेऊ लागली. लांबूकाका आत गेले आणि तीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखे बाहेर आले. घागरवाली बाहेर आली ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. भाचा तर बाहेर येऊन थेट ओढ्याकडे चालू लागला, त्याला परत बोलावून आणावं लागलं.

मास्तरणीनं डावा रांजण पालथा केला. अठ्ठावीस गोळ्या घरंगळत आत्याच्या पायापर्यंत आल्या. उजव्यातून दोन पडल्या.

आत्या त्या दोन गोळ्यांकडे बघत राहिली. त्यातली एक तिची स्वतःची होती. दुसरी कोणाची, ते कळायला मार्ग नव्हता. मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकोणतीस जणांनी तिला वेगवेगळं गाठून, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, कानात सांगितलं, "आत्या, ती दुसरी गोळी माझी बरं का."

आत्यानं दोन दिवस चहा टाकला नाही. तिला राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं, आणि यातलं जास्त काय हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. भाच्याला तिनं लहानाचा मोठा केलं होतं, त्याच्या तापात रात्रंदिवस उशाशी बसली होती. तो तरी तोंडावर म्हणाला असता, आत्या, पिववत नाही गं. पण मग तिला आठवलं, एकदा तो सात वर्षांचा असताना तसं म्हणाला होता आणि तिनं त्याला आणखी एक पेला दिला होता.

तिसऱ्या दिवशी ती मास्तरणीच्या दारात आली. हातात नखं कापायची कात्री होती.

"हा अंगठा धर," ती म्हणाली. "माझ्या हातानं होत नाही. शिक्का मारला की नख आपोआप जातं कागदावर. पन्नास वर्षांची सवय आहे. हे मुळापासून काढ."

मास्तरणीनं तिचं नख कापलं. आत्यानं डोळे मिटून घेतले होते. कापलेला तुकडा तिनं पदराला गाठ मारून ठेवला, फेकला नाही. दुपारपर्यंत वाडीतल्या सगळ्या मतदारांची नखं कापून झाली. लांबूकाकांनी खबरदारी म्हणून पायाचीही कापली.

मग आत्या म्हणाली, "आता मला सरकार समजावून सांग. मत मोजणार म्हणतेस तर ते द्यायचं कोणाला ते कळायला हवं."

मास्तरणीनं शाळेतून नियमांचं पुस्तक आणलं. एकशे बारा पानं. तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं. पुलाच्या वरच्या पृष्ठभागाची मालकी, खालच्या पोकळीची मालकी, काठांची जबाबदारी, पोटकलम, त्याचं पुन्हा पोटकलम. सातव्या पानावर लांबूकाका घोरू लागले. एकविसाव्या पानावर घागरवाली म्हणाली की तिला पूल नको, ती पोहायला शिकेल. चाळिसाव्या पानावर खुद्द मास्तरीण थांबली आणि म्हणाली, "खरं सांगू का आत्या, मलाही काही कळत नाहीये."

"मग पुस्तक मिट," आत्या म्हणाली. "मला एवढंच सांग, या तिन्ही खुर्च्यांवर बसलंय कोण?"

"गावकमिटीवर अध्यक्ष. पाणीकमिटीवर त्यांचा मेहुणा. रस्तेमंडळावर त्यांचे व्याही."

"आणि हे तिघे रविवारी जेवतात कुठे?"

मास्तरीण विचारात पडली. "अध्यक्षांच्याच घरी. एकाच टेबलावर."

"म्हणजे आमचा अर्ज अकरा वर्षं त्या टेबलावर भाजीच्या वाडग्यासारखा इकडून तिकडे सरकतोय," आत्या म्हणाली. "कळलं मला सरकार."

वाडीनं नखं कापली, ही बातमी गावात पोचायला दीड दिवस लागला. आधी लोकांना वाटलं की कसलातरी आजार आहे. मग खरी गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेली आणि ते जेवता जेवता उठले असं म्हणतात. एकतीस मतं, आता बाद न होणारी, आणि तीही कोणाची कुठे गेली ते न कळणारी. खूण असती तर धमकावता तरी आलं असतं, गोंजारता तरी आलं असतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ओढ्याच्या काठावर गावकमिटीचा माणूस पाटी ठोकून गेला, "हा पूल गावकमिटीचा आहे." दुपारी पाणीकमिटीची पाटी लागली. संध्याकाळी रस्तेमंडळाची, आणि ती तर रंगीत होती. अकरा वर्षं बेवारस पडलेल्या पुलाला एका दिवसात तीन बाप मिळाले. तिसऱ्या दिवशी दगडांचे तीन ढीग पडले. मतदानाला तीन आठवडे असताना तीन टोळ्या कामाला लागल्या. एकीनं अलीकडचा काठ बांधला, एकीनं पलीकडचा, आणि मधला भाग रस्तेमंडळानं टाकला. तो दोन्ही काठांपेक्षा वीतभर उंच झाला. पण गाडी जात होती. मधे एकदा उडी मारत होती एवढंच.

त्याच आठवड्यात तीन घरांनी भिंतीला टेकवलेली चाकं खाली काढली आणि वाडीत पुन्हा ओल्या मातीचा वास सुटला. आत्या पुलावर जाऊन उभी राहिली, तेव्हा तिला भरून आलं. तिनं ते लपवलं नाही, तिथंच बसून पदरानं डोळे पुसले.

"आता त्यांनाच द्यायला हवीत मतं," घागरवाली म्हणाली. "पूल तर दिला त्यांनी."

"अकरा वर्षं जमलं नाही, ते नऊ दिवसांत कसं जमलं गं?" आत्या म्हणाली. "या नऊ दिवसांत त्यांच्यात काय बदल झाला? बदल झाला तो आपल्या नखांत. पण बघू. येऊ दे त्यांना."

ते आलेच. तिघंही एकदमच आले, एका गाडीतून. आत्यानं त्यांना ओट्यावर बसवलं आणि चहा टाकला. ओवा नेहमीपेक्षा मूठभर जास्त आणि सालीचा तुकडा चांगला तळहाताएवढा. वाडी सगळी कामं सोडून कडेला उभी राहिली.

अध्यक्षांनी पहिला घोट घेतला. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. "वा," ते म्हणाले. "आत्या, असा चहा शहरातसुद्धा मिळत नाही."

"खरंच चांगला झालाय?"

"खरंच म्हणजे काय? मेहुणे, सांगा की."

मेहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते म्हणाले, "अमृत." व्याह्यांनी बोलायचं टाळून पेला पुढे केला, आणखी द्या अशा अर्थानं, आणि आत्यानं तो काठोकाठ भरला.

"मग मत आम्हालाच ना, आत्या?" जाताना अध्यक्ष म्हणाले.

"हो की," आत्या म्हणाली.

"आणि खूण?"

"नख कुठे राहिलंय आता," आत्यानं अंगठा वर करून दाखवला. अध्यक्ष त्या बोथट अंगठ्याकडे बघत बघत गाडीत बसले. गाडी पुलावर उडाली तेव्हा तिघांची डोकी टपाला आपटल्याचा आवाज वाडीपर्यंत आला.

नर्सबाई दुसऱ्या दिवशी सायकलवरून आली. अध्यक्षांच्या विरुद्ध ती उभी होती. मेहुण्याच्या आणि व्याह्यांच्या विरुद्ध तिनंच पंक्चर काढणारा आणि निवृत्त पोस्टमन असे दोघं उभे केले होते, कारण दुसरं कोणी तयार होत नव्हतं. आत्यानं तिला तोच चहा दिला. नर्सबाईनं एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला, कष्टानं गिळला आणि पेला खाली ठेवला.

"आत्या, राग मानू नका," ती म्हणाली. "हा पिववत नाही. यात काय टाकता तुम्ही?"

आत्यानं तो पेला उचलला, वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपला चहा ओट्याखाली ओतून दिला.

"पूल कोणाचा आहे, ते सांग," ती म्हणाली.

"मला माहीत नाही. ते पुस्तक मी दोनदा वाचलं. निवडून आले तर तिन्ही पाट्या काढून एकच लावीन आणि मधला उंचवटा फोडायला लावीन. त्यापुढचं वचन मला देता येणार नाही."

नर्सबाई गेली. मत कोणाला द्यायचं हे या खेपेला तिनं सांगितलं नाही आणि तिला कोणी विचारलंही नाही. मतदानाला एकतीस जण गेले, शिक्के मारले आणि हात पाठीमागे बांधून बाहेर आले. लांबूकाका म्हणाले की हात बांधलेले बरे, अंगठ्याचा काही भरवसा नाही.

मतमोजणी तीन दिवसांनी तालुक्याला होती. आत्या हट्टानं तिथे गेली. भट्टी लावायचा दिवस नेमका तोच होता, तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ती भाच्यावर सोपवली आणि जाताना त्याला सहा वेळा तेच ते बजावलं. दिवसभर ती कचेरीच्या जाळीबाहेर बाकावर बसून राहिली. आत मास्तरीण कागद उलगडत होती. दुपार कलली तेव्हा ती बाहेर आली.

"अध्यक्ष पडले. सहा मतांनी. मेहुणेही गेले. व्याही मात्र दोन मतांनी राहिले."

"आणि आपलं खोकं?"

"तिन्ही रंगांच्या एकतीस-एकतीस पत्रिका. एकही बाद नाही."

आत्यानं मान डोलावली. मग हळूच विचारलं, "त्यातली माझी कोणती होती?"

"कळत नाही, आत्या. सगळ्या सारख्या."

"बरं," आत्या म्हणाली. तिला बरं वाटलं आणि जरासं चुकल्यासारखंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं मत मोजलं गेलं होतं, आणि ते ओळखून हातात घ्यायची सोय नव्हती.

चार दिवसांनी भट्टी थंड झाली. राख सारली तशी वाडी सगळी गोळा झाली, सातही घरं. भट्टी काठोकाठ भरलेली होती आणि एकाही मडक्याला तडा नव्हता. आत्या अंगठा फिरवत एकेक मडकं देऊ लागली. नखं कापलेली म्हणून बाकीच्यांनी काडीनं चंद्रकोरी काढल्या होत्या, पण आत्याला नखाशिवाय खूण पटत नव्हती, म्हणून तिच्या स्वतःच्या बारा वाडग्यांवर या वेळी खूण नव्हती. वाडीचे टोमणे मनाला लागले होते, म्हणून मुद्दाम स्वतः घडवले होते तिनं. ते आपल्याकडेच येणार, त्यात काही अडचण नव्हती.

पहिलंच मडकं बिनखुणेचं निघालं आणि तो वाडगा नव्हता, घागर होती. निमुळत्या गळ्याची. आत्यानं घागरवालीकडे पाहिलं. घागरवाली ढगांकडे बघत होती, आणि ढग तर एकही नव्हता.

"अगं, खूण राहिली तुझी."

"माझी कशावरून? असे गळे काय, कोणीही काढतं."

पुढचंही बिनखुणेचं. त्याच्या पुढचंही. आत्यानं भाच्याला विचारलं, "भट्टी लावताना बघितलं नाहीस?" तो म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं." लांबूकाकांना विचारायला गेली तर ते उभ्या उभ्या झोपले होते. दुपारपर्यंत आत्याच्या बाजूचा ढीग तिच्या खांद्याला लागला. तिनं मोजलं. तिचे बारा वाडगे सोडून बिनखुणेची मडकी निघाली तीस. त्यातलं एक तर इतकं वाकडं होतं की ते जमिनीवर ठेवलं की आपोआप मास्तरणीच्या बाजूला कलत होतं.

"कोणी केलं हे?" आत्यानं विचारलं.

"कळायला मार्ग नाही," लांबूकाका डोळे मिटूनच म्हणाले. "खूण नाही ना. मग भट्टीचं."

आत्या त्या तीस मडक्यांकडे कितीतरी वेळ बघत उभी राहिली. अठ्ठावीस गोळ्या घरंगळत पायाशी आल्या होत्या तो दिवस तिला आठवला, आणि त्या दिवशीचं मनात राहिलेलं सगळं निघून गेलं. ती वळली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बसा सगळे. चहा टाकते."

लांबूकाकांचे डोळे खाडकन उघडले. मग घागरवाली खाली बसली, लांबूकाका बसले, भाचा बसला, मास्तरीण बसली. उठून कोणीच गेलं नाही. आत्यानं ओवा टाकला, मिरी टाकली, साल टाकली, आणि तीसच्या तीस पेले रिकामे होऊन परत आले.